दहा चाळीसची नोंद

जांभळधरा पोलीस ठाण्यात सगळ्यात चांगलं अक्षर कुणाचं, असं विचारलं की गेटवरच्या होमगार्डपासून साहेबांपर्यंत सगळे एकच नाव घेत: हवालदार पंचशीला नरवाडे. किनवट तालुक्यात सागाच्या रानाला लागून असलेलं हे ठाणं तसं लहानच. बावीस गावं, एक जीप, आणि पावसाळ्यात दोन ठिकाणी गळणारं छप्पर. एकोणीस वर्षांच्या नोकरीत पंचशीलाबाईंनी जत्रांचे बंदोबस्त केले, घरातून निघून गेलेल्या पोरी हैदराबादेहून परत आणल्या, दारूच्या भट्ट्या फोडल्या. पण ठाण्याला त्यांची खरी नड लागायची ती लिहायच्या कामाला. पंचनामा बाईंच्या हातचा असला की समोरच्या वकिलाला बोट ठेवायला जागा मिळत नसे.

बाई मूळच्या इस्लापूरकडच्या एका वाडीतल्या. वडील मारोतराव मजुरीवर जगले. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला, तेव्हा मारोतराव चोवीस वर्षांचे होते आणि रोजगार हमीच्या तलावावर माती उचलत होते. एका बाजाराच्या दिवशी पोलिसांनी त्यांना आणि वस्तीतल्या आणखी चौघांना गाडीत घातलं, पाच दिवस कोंडून ठेवलं आणि सहाव्या दिवशी जा म्हणून सांगितलं. गुन्हा नाही, कागद नाही, काही नाही. तलावावर गेले तर मुकादमानं गैरहजर म्हणून हजेरीपटावरून नाव काढलेलं. मारोतराव म्हणाले, मी ठाण्यात होतो. मुकादम म्हणाला, तसा दाखला आण. दाखला आणायला ठाण्यात गेले तर उत्तर आलं, असला कुणी माणूस इथं आलाच नव्हता.

ही हकीकत बाईंना मायनं सांगितली. वडील स्वतः त्यावर फार बोलत नसत. कधी विषय निघालाच तर एवढंच म्हणत, "ते पाच दिवस मी कुठं होतो, हे सरकारला म्हाईतच न्हाई." पोरगी पोलिसात भरती झाली तेव्हा वस्तीतल्या दोन-चार जणांनी नाकं मुरडली. मारोतराव मात्र नांदेडला परेड बघायला गेले आणि घरी येऊन म्हणाले, टोपी चांगली दिसती तिला. पुढं सहा वर्षांनी ते वारले.

बाईंच्या नोकरीला एकोणीस वर्षं झाली त्या साली मे महिन्यात सरहद्दीवर लढाई सुरू झाली. किनवटच्या रानापासून ती दीड-दोन हजार किलोमीटर लांब, पण टीव्हीमुळं घराघरात शिरलेली. शहरांत भोंग्यांची रंगीत तालीम झाली. जिल्ह्यात मनाई आदेश निघाला: ड्रोन उडवू नका, फटाके वाजवू नका, जमाव करू नका, मोबाईलवर काही भलतंसलतं टाकू नका. भलतंसलतं म्हणजे नेमकं काय, ते आदेशात नव्हतं. शिवाय रोज संध्याकाळी भरून पाठवायचा एक तक्ता वरून आला. त्यात एक रकाना होता, समाजमाध्यमांवरील आक्षेपार्ह मजकुराबाबत कारवाई, संख्या. दोन दिवस जांभळधऱ्यानं त्या रकान्यात शून्य भरलं. तिसऱ्या दिवशी वरून फोन आला की तुमच्याकडं सगळेच साधुसंत राहतात का.

ठाण्याचे प्रभारी होते सहायक पोलीस निरीक्षक दयानंद शिंगारे. वय चौतीस, बाहेरच्या जिल्ह्यातले, हुशार. आधीच्या ठिकाणी जमावाच्या दगडानं त्यांच्या कपाळावर सात टाके पडले होते. तेव्हापासून चार माणसं एकत्र दिसली की त्यांचा हात आपोआप कपाळाकडं जायचा.

जवळच्या आश्रमशाळेत रेवणसिद्ध नावाचा गणिताचा शिक्षक होता. लातूर जिल्ह्यातल्या मुरुडचा, शेतकऱ्याचा मुलगा, वय एकोणतीस. शाळेला सुट्टी लागली होती, पण वसतिगृहाच्या छपराचं काम चाललं होतं म्हणून देखरेखीला तो एकटाच थांबला होता. त्यानं गुरुवारी मोबाईलच्या स्टेटसला चार ओळी ठेवल्या. "माझ्या वर्गात शिकलेली तीन पोरं आज सरहद्दीवर आहेत. ती सुखरूप परत येवोत. लढाई लवकर थांबो. पलीकडच्या आईचं पोरही वाचो."

पहिल्या तीन ओळींना कुणाची हरकत नव्हती. चौथीनं घात केला. कुणीतरी तिचा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला आणि शुक्रवारी सकाळी ठाण्याच्या गेटावर चाळीसेक माणसं जमली. घोषणा चालू झाल्या. शिंगारेसाहेबांनी जीप पाठवली आणि शिक्षकाला उचलून मागच्या दारानं आत आणलं.

त्या दिवशी ठाणे अंमलदाराच्या टेबलावर पंचशीलाबाई होत्या. ठाण्यात कोण आलं, कोण गेलं, काय घडलं, याची वेळेसकट नोंद ज्यात होते ती स्टेशन डायरी त्यांच्या ताब्यात. एरवी ही डायरी कॉम्प्युटरवर असते. पण बुधवारच्या वादळात सागाचं झाड केबलवर पडलं होतं, नेट बंद होतं, म्हणून जुन्या पद्धतीची, पानांवर छापील क्रमांक असलेली वही काढली होती. बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि लिहिलं: नोंद क्रमांक चौदा, दहा वाजून चाळीस मिनिटं. रेवणसिद्ध आप्पासाहेब, शिक्षक, यांना प्रभारी अधिकारी यांच्या आदेशानं ठाण्यात आणलं. अंगावर इजा नाही. मोबाईल काढून घेतला.

मग समोर बाकावर बसलेल्या त्या पोराला विचारलं, "घरी कोण हाय? नंबर सांगा."

"बाबांचा आहे. पण त्यांना नका कळवू मॅडम. घाबरतील."

"कळवावंच लागतंय. कायदा हाय तो."

पाठ असलेला नंबर त्यानं सांगितला. ठाण्याच्या फोनवरून बाईंनी मुरुडला लावला. पलीकडं आप्पासाहेबांना आधी काही उमगेचना. "आमचा रेवण? त्यानं काय केलं? कुणाला मारलं का?"

"न्हाई. मोबाईलवर काही लिहिलंय, त्यावरून आणलंय. तुम्ही या." बाईंनी ठाण्याचं नाव दोनदा सांगितलं, गाडी कुठून मिळेल ते सांगितलं, आणि नोंद क्रमांक पंधरा घेतली.

खरं सांगायचं तर ते स्टेटस बाईंना फारसं पटलं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या मोबाईलवर त्या आठवड्यात तिरंगा होता. पलीकडच्या आईची आठवण काढायला हीच वेळ सापडली का याला, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. पण मनात काय येतं आणि वहीत काय लिहायचं, याची त्यांनी कधी सरमिसळ केली नव्हती.

शिंगारेसाहेबांनी गेटावर जाऊन जमावाला हात जोडले, कारवाई होणार म्हणून शब्द दिला. माणसं पांगली, पण संध्याकाळी परत येतो म्हणून सांगून गेली. साहेब घामानं निथळत आत आले आणि टेबलापाशी थांबले.

"मॅडम, डायरीत काही घेतलं का याचं?"

"घेतलं सर. दहा चाळीसला आणल्याचं. अकरा पंचवीसला वडलांना कळवल्याचं."

साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी वही आपल्याकडं फिरवली, वाचली आणि आवाज खाली आणला. "एवढी घाई काय होती? नेट बंद आहे, देवानं संधी दिली होती. हे बघा. उद्या दुसरा शनिवार, परवा रविवार, सोमवारी बुद्धपौर्णिमा. कोर्ट मंगळवारी उघडणार. आपण अटक सोमवारी दाखवू. तोवर तो इथं बसेल, जेवेल, झोपेल. बाहेर सोडला तर लोक त्याचं काय करतील, ते तुम्हीच बघितलं ना आत्ता?"

"सर, सुट्टीतही रिमांड कोर्ट असतं."

"असतं. पण तिथं घेऊन जायचं तर गुन्हा काय, कलम काय, ते सांगावं लागेल. मला विचार करायला वेळ पाहिजे. आणि वर तो रकाना भरायचा आहे, तो वेगळाच. तुम्ही एक करा, ही नोंद दुरुस्त करा. चौकशीकामी स्वतःहून आले, असं लिहा. वेळ नको."

बाई उभ्या राहिल्या. नोकरीत साहेबाला नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती. "सर, पानावर नंबर छापल्यात. खोडलं तरी खोडल्यालं दिसतंय."

"मग दिसू दे."

"तर मग तुम्ही लेखी द्या. मी तशी नोंद घेते. प्रभारी अधिकाऱ्यांच्या आदेशावरून नोंद चौदा बदलली, असं. तुमच्या सहीनं."

शिंगारेसाहेबांनी वही परत त्यांच्याकडं फिरवली. मग म्हणाले, "नरवाडे मॅडम, देशात युद्ध चालू आहे. अशा वेळी कायदा थोडा मागंपुढं करावाच लागतो. तुम्ही एका मिनिटाच्या हिशोबावर अडून बसलाय."

"आत माणूस हाय सर," बाई म्हणाल्या. "तो आत हाय, एवढंच लिहिलंय मी. त्यानं बरं केलं का वाईट केलं, ते न्हाई लिहिलं."

साहेब आपल्या खोलीत गेले. अर्ध्या तासानं निरोप आला: बाईंची साप्ताहिक सुट्टी बाकी आहे, त्यांनी आत्तापासून ती घ्यावी. डायरीचा चार्ज सहायक फौजदार व्यंकटरावांकडं द्यावा.

व्यंकटरावांना निवृत्तीला चौदा महिने उरले होते. बाईंना त्यांनीच पहिल्यांदा डायरी लिहायला शिकवलं होतं. वही हातात घेत ते म्हणाले, "पंचशीला, तू शहाणी हायस. पर शहाणपणाचं ओझं आपल्यालाच वाहावं लागतंय. घरी जा. मी बघतो."

"काका, तुम्ही बदलनार का?"

व्यंकटरावांनी चष्मा पुसायला घेतला.

बाई दुपारच्या गाडीनं किनवटला घरी आल्या. नवरा सुगत एसटीच्या डेपोत मेकॅनिक. तो संध्याकाळी कामावरून आला, तर बाई गॅसजवळ नुसत्याच उभ्या, आणि कुकरची शिट्टी होऊन भात लागलेला. त्यानं आधी गॅस बंद केला, मग विचारलं. सगळं ऐकून घेतलं.

"बदली व्हईल," तो म्हणाला.

"व्हईल."

"पोरीचं बारावीचं वर्ष हाय."

"म्हाईत हाय मला. ते कळत न्हाई का?" बाईंचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "तुम्हीच सांगा, काय करायला पायजे होतं?"

सुगतनं पानं-पक्कड लागून काळे झालेले तळहात फडक्याला पुसले. म्हणाला, "गाडीचा ब्रेक खराब असला तर मी वहीत तसं लिहितो. साहेब म्हणतो, आजची फेरी जाऊ दे, उद्या बघू. मी लिहितोच. गाडी सोडायची का न्हाई, ते सोडनारानं ठरवावं. पर लिहिल्यालं असलं म्हंजे त्याला सोडताना हजारदा इचार करावा लागतो." मग त्यानं कुकरातला वरचा वरचा भात काढून वाढला.

शनिवारी बाईंची सुट्टी होती. तरीही त्या सकाळी साडेआठला ठाण्यात हजर झाल्या, गणवेशात. का आलात म्हणून कुणी विचारलं नाही. व्यंकटरावांनी वही पुढं सरकवली. "मी ते पान उघडलंच न्हाई. रात्री दोन नोंदी घेतल्या. एक अपघाताची, एक त्या पोराला जेवण दिल्याची. साहेबांनीच आपल्या डब्यातलं दिलं त्याला. माणूस वाईट न्हाई, पंचशीला. भ्यालेला हाय."

"मला कुठं वाईट म्हणायचंय," बाई म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या.

नऊच्या सुमाराला एक उंच, पांढऱ्या धोतरातला म्हातारा गेटातून आत आला. कपाळावर विभूतीचे पट्टे, खांद्यावर टॉवेल, हातात पिशवी. आप्पासाहेब आदल्या दुपारी मुरुडहून निघाले होते, लातूर-नांदेड करत, नांदेडच्या स्टॅंडावर बाकावर पडून, पहाटेची पहिली गाडी धरून आले होते. टेबलापाशी येऊन त्यांनी हात जोडले नाहीत, आवाजही चढवला नाही. विचारलं, "माझ्या पोराचं नाव तुमच्या वहीत हाय का?"

बाईंनी वहीवर हात ठेवला. "हाय," त्या म्हणाल्या. "बसा. पानी घ्या."

"म्या रातभर ह्योच इचार करत होतो, बाई. वहीत नाव असलं तर पोरगं सापडतंय. नसलं तर कुनाला इचारू? आन् तुम्हाला सांगतो, माझं त्याचं पटत न्हाई. ही लढाई व्हायलाच पायजे, ह्या मताचा हाय मी. त्यानं लिवलं ते मला आवडलं न्हाई. घरी आला की झाडनार हाय मी त्याला. पर बापाला सांगावं का न्हाई, पोरगं कुठं ठिवलंय, किती दिस ठिवनार?"

"चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं न्यावं लागतंय," बाई म्हणाल्या. शेजारच्या टेबलावर व्यंकटराव होते, दारात शिपाई होता, दोघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात त्या बोलल्या. "आज दहा चाळीसला चोवीस तास भरतात. त्याच्यानंतर ठिवलं तर कोर्टात इचारायचा हक्क तुमचा हाय. सुट्टी असली तरी."

"कोर्ट कुठं?"

"किनवटला. तिथं तारामती वकीलबाई हायेत. घर कुणीबी दाखवील."

आप्पासाहेबांनी पोराला लांबून पाहून घेतलं. रेवणसिद्ध बाकावरून उठला तर हातानंच बस म्हणून खुणावलं, पिशवी शिपायाच्या हवाली केली आणि स्टॅंडवर उभ्या असलेल्या किनवटच्या प्रवासी जीपमध्ये जाऊन बसले. पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. बाईंनी ती पोराला दिल्याचीही नोंद घेतली.

शिंगारेसाहेब साडेनऊला आले. बाईंना टेबलावर बघून थेट आपल्या खोलीत गेले. दहा वाजता त्यांनी बाईंना आत बोलावलं. टेबलावर कायद्याचं नवं पुस्तक उघडं होतं.

बाई म्हणाल्या, "सर, सात वर्षांच्या आतल्या शिक्षेचा गुन्हा असला तर नोटीस देऊन सोडता येतंय. छापील नमुना हाय आपल्याकडं. नायतर आत्ता जीप काढली तरी चालतंय. वाटेतला वेळ धरत न्हाईत."

"आणि लोक? संध्याकाळी परत येणार आहेत ते. आलेच तर?"

"आले तर आपन आठ जण हाव. लोकांना थांबवायचं म्हणून त्याला कोंडायचं, हे उलटंच झालं की सर."

शिंगारेसाहेबांनी पुस्तक मिटलं. "तुम्हाला बोलायला काय जातंय. उद्या दगड पडला तर विचारणा मला होणार." आणि ते तसेच बसून राहिले. घड्याळात दहा चाळीस झाले, अकरा झाले, साडेअकरा झाले. मधे एकदा ते उठले, बाकावरच्या शिक्षकाकडं पाहिलं, परत आत गेले. त्यांना कुणीतरी फोनवर सल्ला द्यायला हवा होता, पण ज्यांना त्यांनी फोन लावले त्यांच्यापैकी कुणीच स्पष्ट काही सांगितलं नाही. प्रत्येक जण म्हणाला, तुमच्या पातळीवर ठरवा.

पावणेएकला फोन वाजला तो किनवटहून. सुट्टीतल्या कामावरच्या न्यायाधीशबाईंपुढं अर्ज आला होता. आदेश होता की संबंधित इसमास आणि स्टेशन डायरीस अडीच वाजता हजर करा.

जीपमध्ये पुढं साहेब, मागं रेवणसिद्ध, एक शिपाई आणि मांडीवर वही घेतलेल्या पंचशीलाबाई. पाऊण तासाची वाट. ऊन मी म्हणत होतं. एका वळणावर साहेबांनी गाडी थांबवून पाण्याची बाटली घेतली, एक घोट घेऊन ती मागं दिली.

कोर्टाची इमारत बंद, एकच दालन उघडं. न्यायाधीशबाई चाळिशीच्या असतील. बाजूला तारामती वकीलबाई, पाठीमागं आप्पासाहेब. शिंगारेसाहेबांनी सांगितलं की शिक्षक आदल्या दिवशी चौकशीसाठी आले होते, त्यांच्या जिवाला धोका होता म्हणून ते ठाण्यात थांबले, गुन्हा नोंदवून अटक आज बारा वाजता दाखवली आहे.

"डायरी," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

वही वर गेली. त्यांनी पानं उलटली, एका जागी थांबल्या आणि नोंद चौदा मोठ्यानं वाचली. मग मान वर केली. "ही कुणी लिहिली?"

"मी, मॅडम. हवालदार नरवाडे."

"दहा चाळीस ही वेळ अंदाजानं?"

"न्हाई मॅडम. घड्याळ बघून."

"हे स्वतःहून आले होते की आणले होते?"

बाईंच्या डाव्या हाताला दोन पावलांवर साहेब उभे होते. त्यांच्या बुटाचं टोक हलत होतं, ते बाईंना दिसत होतं. "आणले होते," त्या म्हणाल्या. "आदेश साहेबांचा होता. गेटावर चाळीसेक लोक होते, तेही खरं हाय. नोंद बारा आणि तेरामध्ये लिहिलंय."

न्यायाधीशबाईंनी त्याही नोंदी वाचल्या. रेवणसिद्धला विचारलं. तो म्हणाला, "मी दोनदा जातो म्हणालो. बसा म्हणाले. मारहाण केली नाही. जेवण दिलं."

"ऑफिसर, काही सांगायचंय?"

"मॅडम, युद्धजन्य परिस्थिती होती. जिल्ह्यात मनाई आदेश आहे."

"मनाई आदेश मी वाचलाय. त्यात चोवीस तासांचे अठ्ठेचाळीस केलेले मला दिसले नाहीत. युद्धजन्य परिस्थितीत न्यायालय बंद ठेवलंय, असं कुणी कळवलं होतं का तुम्हाला?"

"नाही, मॅडम."

आदेश पानभराचाच होता. शिक्षकाला चोवीस तासांहून जास्त काळ ठेवलं, ते बेकायदेशीर. त्याला जातमुचलक्यावर ताबडतोब सोडावं. तपास करायचा तर नोटीस देऊन करावा. घरी पोचेपर्यंत संरक्षण द्यावं. आणि प्रभारी अधिकाऱ्यानं सात दिवसांत लेखी खुलासा द्यावा. स्टेटसमध्ये लिहिलेलं बरोबर की चूक, यावर कोर्टानं त्या दिवशी एक शब्दही काढला नाही.

बाहेर आल्यावर आप्पासाहेबांनी पोराच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिथंच हात ठेवून उभे राहिले. वकीलबाईंच्या फीचं विचारलं, तर त्या म्हणाल्या, आधी दोघं जेवून घ्या.

शिपाई संरक्षणाला बापलेकांसोबत थांबला आणि जीप परत निघाली. इस्लापूर फाट्यावरच्या हॉटेलात टीव्हीभोवती गर्दी दिसली म्हणून ड्रायव्हरनं वेग कमी केला. लढाई थांबल्याची बातमी होती. कुणी टाळ्या वाजवत होतं, कुणी शिव्या देत होतं. शिंगारेसाहेब ऐकत राहिले. "एक दिवस आधी थांबली असती तर," ते एवढंच म्हणाले. त्या संध्याकाळी गेटावर कुणी आलं नाही. तक्त्याच्या रकान्यात व्यंकटरावांनी एक लिहिलं.

पुढं जे व्हायचं ते झालं. जूनमधल्या बदल्यांच्या यादीत बाईंचं नाव आलं, घरापासून सव्वाशे किलोमीटरवर, मुद्देमालाच्या खोलीत. शिक्षा म्हणून की नेहमीच्या यादीत, हे कुणी सांगितलं नाही आणि सांगणारही नव्हतं. पोरीचं बारावीचं वर्ष, म्हणून सुगत तिच्याजवळ राहिला, बाई एका खोलीत एकट्या. पहिले दोन महिने त्यांना फार जड गेले. आपण उगाच नसतं अंगावर घेतलं का, असं त्यांना कितीदा वाटलं. साखराबाई म्हणून घरमालकीण होती, तिच्याजवळ त्या एकदा रडल्याही. रेवणसिद्धवरचा गुन्हा पाच महिने तसाच पडून राहिला आणि मग पुराव्याअभावी मिटला. त्याची शाळा मात्र बदलली, गावातल्या लोकांना तो नको होता.

बदलीच्या दिवशी चार्ज देताना बाईंना एक गोष्ट कळली. शिंगारेसाहेबांना खुलाशात सारं खापर त्यांच्यावर फोडता आलं असतं. हवालदारानं परस्पर नोंद घेतली, मला अंधारात ठेवलं, असं लिहा म्हणून त्यांना कुणी सुचवलंही होतं. व्यंकटरावांनी खुलाशाची प्रत दाखवली. साहेबांनी लिहिलं होतं, नोंद खरी आहे, वेळ खरी आहे, विलंब माझा आहे. साहेबांना ताकीद मिळाली, एक वेतनवाढ थांबली. निरोपाला ते गेटापर्यंत आले. म्हणाले, "मॅडम, मला अजूनही वाटतं की मी त्याला बाहेर सोडलं असतं तर काहीतरी झालं असतं."

"झालंही असतं सर," बाई म्हणाल्या. "ते मला सांगता येत न्हाई."

डिसेंबरात येळवशीच्या चार दिवस आधी मुरुडहून फोन आला. वेळा अमावास्येला लातूरकडची माणसं शेतात कडब्याची खोप करून पूजा करतात, ओळखीपाळखीच्यांना जेवायला बोलावतात. आप्पासाहेबांचं आमंत्रण म्हणजे हुकूमच होता. "सगळे या. मालकाला आना, पोरीला आना. न्हाई म्हनायचं न्हाई."

बाईंनी रजा टाकली, तिघं लातूरमार्गे मुरुडला गेले. ज्वारी कंबरेला लागली होती, हरभरा घाट्यांवर आला होता. आप्पासाहेबांची थोरली सून आरती शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे आणि मडक्यातली आंबील वाढत होती. रेवणसिद्धही आला होता. जेवताना बापलेकांची जुंपलीच.

"तवा तू लिवलंस ते चूकच होतं," आप्पासाहेब म्हणाले. "आजबी सांगतो."

"चूक नव्हतं, बाबा."

"घरचं मानूस जातंय लढायला, आन् तू तिकडल्याचं गुणगान करतोस!"

"गुणगान कुठं केलं? पोर वाचो म्हटलं."

शेजारच्या शेतातले दोघंतिघं जेवत होते, त्यांनीही तोंड घातलं. कुणी बापाच्या बाजूनं, कुणी पोराच्या. एकानं पंचशीलाबाईंकडं बघून विचारलं, "ताई, तुम्ही पोलिसातल्या. तुम्हीच सांगा, कोण बरोबर?"

बाईंच्या तोंडात घास होता. तो गिळून त्या म्हणाल्या, "मला तर त्या वेळी आप्पांसारखंच वाटत होतं." सगळे हसले. आप्पासाहेबांनी मांडीवर थाप मारली. रेवणसिद्धनं खाली मान घालून उंडा मोडला, पण हसू त्यालाही आवरलं नाही.

वाद पुढं बराच वेळ चालला. ऊन कललं तसं सुगतनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. लातूरची गाडी पाचची होती आणि बाईंना दुसऱ्या दिवशी आठला हजर व्हायचं होतं. आरतीनं एका डब्यात भज्जी आणि दुसऱ्यात आंबील भरून पोरीच्या हातात दिली आणि सांगितलं, आंबिलीचा डबा सरळ धर, सांडते ती.